आजोबांची डुलकी

"पाहुण्यांना दुपारचीच वेळ द्या," असं विमानांना वाट दाखवणाऱ्या ताईंनी विमानतळाच्या मोठ्या साहेबांना आडून आडून सुचवलं होतं, आणि पाहणीला आलेली सरकारी समिती जेवणं आटोपून बरोबर दुपारीच रडारच्या खोलीत आली.

विमानांवर नजर ठेवणारं ते रडार इतकं जुनं होतं, की सगळे त्याला आजोबा म्हणत. ऊन चढलं की आजोबांना डुलकी लागे. पडदा काळा पडे आणि आकाशात कोण कुठे आहे ते काही मिनिटं दिसतच नसे.

नव्या यंत्रासाठी अर्ज करून करून ताई टेकीला आल्या होत्या. सरकार म्हणे, विमान कंपन्यांनी पैसे द्यावेत. कंपन्या म्हणत, तिकिटावर अधिभार लावा. प्रवासी विचारत, मग आम्ही कर कशाला भरतो? सगळ्यांचंच खरं होतं, त्यामुळे दमडी कुणीच सोडत नव्हतं. मागच्या महिन्यात अशाच डुलकीत दोन विमानं एकमेकांच्या अगदी जवळून गेली. तेव्हापासून ताईंची झोप उडाली होती. कधीतरी आपल्या हातून माणसं मरणार, या भीतीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

अध्यक्ष खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पडदा काळा पडला. ताईंना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. वर पाच विमानं होती.

ताईंनी माइक पुढे ओढला. त्यांचे पाचही सहकारी जागा सोडून त्यांच्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. एकेकाच्या डोक्यात एकेक विमान. वैमानिक आपला ठावठिकाणा सांगे, आणि ज्याचं विमान तो ते मनातल्या मनात पुढे नेत राही. दुसरं कुणी जवळ येतंय असं वाटलं, की त्यानं ताईंच्या खांद्यावर हात ठेवायचा. तोंडातून ब्र काढायचा नाही. खोलीत बोलणार एकच जण, हा तिथला शिरस्ता.

दोनदा खांद्यावर हात पडला. दोनदा ताईंनी विमान वळवलं. मग पडदा उजळला, आणि पहिलवान म्हणून ओळखला जाणारा त्यांच्यातला धिप्पाड गडी मटकन खाली बसला.

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नेहमी असंच करता?"

"हो. मी बोलते," ताई म्हणाल्या.

"आणि हे लोक?"

"ते मागे उभे असतात."

त्या आणखी सांगणार होत्या, पण एक विमान उतरायची परवानगी मागत होतं. त्या माइककडे वळल्या. अध्यक्ष बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिले आणि हसतमुखानं परतले. नवीन यंत्र मंजूर झालं होतं.

ताईंचे डोळे भरून आले. पहिलवान तर चक्क रडायला लागला. यंत्र यायला तीन वर्षं लागतील, तोवर आजोबांनाच सांभाळून घ्या, असं अध्यक्ष म्हणाले, तेव्हा ताईंनी आनंदानं मान डोलावली. एवढी वर्षं काढली, तशी आणखी तीन निघतील.

मोठ्या साहेबांनी दबकत विचारलं, "पण साहेब, पैशांचं काय?"

"तीही सोय इथेच झाली," अध्यक्ष म्हणाले. "ऐन संकटात सगळं काम एकट्या ताई करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मागे नुसते उभे राहणारे पाच पगार उद्यापासून वाचवा."