वरचं प्लॅस्टिक

"आधी हातमोजे घाल," बाबा म्हणाले.

थोरलीनं घातले नाहीत. चाळिशीला टेकलेल्या लेकीनं बापाच्या घरात सिनेमाच्या डब्या उचलायला हातमोजे चढवायचे, ही थेरं तिला आता सहन होत नव्हती. ती बाबांना आपल्याकडे न्यायला आली होती. तिच्या घरात त्यांच्या पलंगापुरती जागा होती, या कपाटापुरती नव्हती. म्हणून उद्या सगळा संग्रह सीलमास्तर नेणार होता.

सीलमास्तर हाही तसलाच वेडा. डबीवरचं कंपनीचं प्लॅस्टिक एकदाही फुटलेलं नसेल तरच डबीला हात लावायचा. किती वर्षं तो म्हणत होता, एकदा तुमचं कपाट दाखवा. बाबांनी त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. थोरलीनं परस्पर फोन केला, तेव्हा बाबा आठवडाभर तोंड फुगवून बसले.

भिंतभर डिस्का, आणि घरात कुणी एकही पाहिलेली नाही. बापाचा शौक आणि घरादाराला उपास. शाळेत पोरं सिनेमांबद्दल बोलायची, ही दोघं भावंडं कव्हरांबद्दल. प्लेअरसुद्धा होता, पण तो शोभेला. "वरचं फुटलं की वस्तू मेली," बाबा म्हणायचे, आणि विषय संपायचा. नवी डबी आली की आधी महिनाभर खालच्या फळीवर राहायची, मग वर चढायची. का, ते विचारायची सोय नव्हती. रविवारी ते दार लावून घ्यायचे आणि आत एकटेच डब्या पुसत बसायचे.

हात मात्र सोन्याचे. घड्याळं दुरुस्त करायचे ते. घड्याळ असं बंद करायचं, की ते उघडलं होतं हे मालकालाही कळता कामा नये, ही त्यांची फुशारकी. दुकानात तरी ते काहीतरी उघडायचे, घरात तेही नाही.

दोघं जगली ती आईच्या गोष्टींवर. संध्याकाळी ती एखादी डबी मांडीवर घ्यायची आणि सांगायला लागायची. चित्र बघून रचते रे, म्हणायची. होडीवाल्याची गोष्ट तर थोरलीनं शंभरदा ऐकली असेल. त्याच्याकडे एक कानतुटकी मांजर होती आणि ती त्याच्या बुटात झोपायची. कव्हरवर नुसती होडी आणि टोपीवाला माणूस. मांजर कुठून आणलीस, असं धाकट्यानं विचारलं, की आई म्हणायची, होडीच्या आत आहे, तुला दिसत नाही. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. एकदा तो पेपर उलटा निघाला, त्यावरून धाकटा महिनाभर हसत होता.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"ही एक मी ठेवणार," थोरली म्हणाली. हातात होडीची डबी होती. "आणि बघणार. आत्ता."

भांडण होणार म्हणून ती कंबर कसून उभी राहिली. बाबा नुसते खिडकीकडे वळले.

"घे. माझ्यासमोर फोडू नकोस."

आतल्या खोलीत तिनं नख लावलं. प्लॅस्टिक कोरं, ताणून बसवलेलं, मागचा जोड दोरी लावल्यासारखा सरळ. ते निघताना झालेल्या आवाजानं तिला लहानपणीचं सगळं देणं फिटल्यासारखं वाटलं. शोभेचा प्लेअर एका झटक्यात सुरू झाला.

होडी आली. टोपीवाला आला. त्यानं बूट काढून ठेवले, आणि एका बुटातून कानतुटक्या मांजरीनं डोकं वर काढलं.

थोरली जमिनीवरच बसली. पुढचं सगळं तिला पाठ होतं, शब्दन् शब्द.

आईनं काहीच रचलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. शाळेतून आल्यावर घरात येणारा तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. आईचे केस आखूड, तरी वर्षाला एक जळणारा तिचा हेअर ड्रायर; त्याच्याच गरम हवेनं ती डबीवर नवं प्लॅस्टिक ताणून बसवत असणार. आणि बाबांची ती सवय: किल्ली खिशात, तरी जिन्यातून खोकत यायचं, तीनदा बेल वाजवायची आणि बाहेरच बूट सोडत बसायचं. तेवढ्यात आई सगळा पसारा आवरत असणार. थोरलीला हसू आवरेना. डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या माणसाच्या नाकाखालून आईनं अख्खं कपाट बघून संपवलं होतं.

हसता हसता तिला उद्याची आठवण झाली. सीलमास्तर. त्याची नजर घारीची. घरच्या ड्रायरचं काम तो पहिल्या डबीलाच ओळखणार आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर हसणार. ज्या माणसानं आयुष्यभर एकाच गोष्टीचा तोरा मिरवला, त्याच्या. सकाळी हे कळलं असतं तर तिनं स्वतःच ते बाबांच्या अंगावर फेकलं असतं. आता तिच्यानं होईना. परक्याकडून कळण्यापेक्षा लेकीकडून कळलेलं बरं.

प्लॅस्टिक मुठीत धरून ती बाहेर आली.

"बाबा, मास्तरला उद्या येऊ नका म्हणून सांगते."

"का?"

"ह्या डब्या कोऱ्या नाहीत. आईनं उघडल्या होत्या. सगळ्या. आपण नसताना बघायची आणि परत बंद करायची." तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला कळू दिलं नाही तिनं. तिच्यावर रागावू नका."

बाबांनी तिच्या मुठीतून प्लॅस्टिक सोडवून घेतलं, टेबलावर पसरलं, जुन्या सवयीनं डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि मागच्या जोडावरून बोट फिरवलं.

"तिचा जोड कायम वाकडा यायचा," ते म्हणाले. "कोपरा जळायचा. हा माझा आहे."