आठ दिवसांचा माणूस

स्वतःच्या रक्ताच्या नमुन्यावरून खास घडवलेलं औषध महिनाभर घेऊनही घड्याळजी रघुवीर आचरेकरांचा हात थरथरतच होता. डॉक्टर तांबटबाईंच्या संगणकाच्या पडद्यावर आचरेकरांचं बिघडलेलं प्रथिन त्यांच्याच रक्तातल्या पाण्यात, त्यांच्याच मिठात डुलत होतं, आणि औषध त्याच्या खाचेत नेमकं बसत होतं.

"मग मलाच कसं लागू पडत नाही?" हात मांडीखाली दाबत ते म्हणाले.

"रक्त देण्याआधी काही वेगळं खाल्लंत?"

"खाल्लं कुठं? रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठ दिवस मीठ बंद," त्यांची बायको शालिनी म्हणाली. "दिल्यावर घरी येऊन आधी लोणचं."

"म्हणजे औषध त्या आठ दिवसांच्या, बिनमिठाच्या माणसाचं झालं," डॉक्टर म्हणाल्या. " नवीन घडवायला वर्ष लागेल. तोवर दुकान चालवायचं, तर त्याच्यासारखंच जगा."

घरी शालिनीनं विचारलं, "लोणच्याची बरणी माळ्यावर टाकू?"

"टाक. आणि शिडी शेजारी देऊन ये."