गोदामाचा हिरवा दिवा

अंबरनाथच्या कारखान्यातलं रंगाचं गोदाम काल जळून खाक झालं, तरी अलार्मच्या पॅनलवर त्याचा दिवा हिरवाच होता. महिन्यापूर्वी उंदरांनी गोदामातून पॅनलकडे येणारी तार कुरतडली तेव्हा पिवळा दिवा लागून बझर बोंबलला. "उद्या तपासणी आहे, हिरवाच पाहिजे," मॅनेजर म्हणाले. तार शाबूत असल्याची खूण पॅनलला देणारा, तारेच्या गोदामातल्या टोकाला असणारा तांदळाएवढा रेझिस्टर वायरमन सुदामने पॅनलमध्येच जोडला. पॅनलला तार शाबूतच वाटली, बझर गप्प झाला; पण गोदामातल्या धुराची खबर आता पॅनलपर्यंत पोचणार नव्हती. रविवारी नवी तार ओढू म्हणता म्हणता चार रविवार गेले. आता मॅनेजर कुजबुजले, "इन्स्पेक्टरसाहेब फाटकाशी आलेत. ते बघायच्या आत रेझिस्टर काढ पटकन!" सुदामने स्क्रूड्रायव्हर लावला, तोच सुकऱ्या हमालाची बायको दारात आली. सुकऱ्या गोदामातच जळाला होता. "दादा, हिरवा दिवा बघूनशान ते आत जायाचे. काल कोनचा व्हता?" सुदामने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हिरवाच, वहिनी. मी केला. थांबा, इन्स्पेक्टरसाहेबांनाही दाखवतो."