नव्यासारखा स्पंज

शेवटचा गोल्डफिशही उताणा तरंगायला लागला, तेव्हा फिल्टरचा ओला स्पंज हातात घेऊन मी तडक शेजारच्या बिवलकरकाकांचं दार वाजवलं.

"स्पंज नळाखाली नव्यासारखा दिसेपर्यंत धुवायला तुम्हीच सांगितलंत ना? पाणी साफ ठेवणारे त्यातले जिवाणू नळाच्या क्लोरीननं मेले आणि माझे सगळे मासे गेले! टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढून त्यात खळबळायचा असतो तो!"

"अगं, सगळे तसंच सांगतात."

"सगळे म्हणजे कोण? तुम्ही स्वतः कधी एक तरी मासा पाळलाय?"

"छे गं, मला कुठला वेळ? कानावर आलं, तुला सांगितलं."

रागानं माझी मूठ आवळली गेली, तसं स्पंजातलं पाणी त्यांच्या पायपुसण्यावर गळलं. मी मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मुलीनं नवी टाकी आणली. काका तिला जिन्यातच गाठून सांगत होते, "स्पंज नळाखाली मुळीच धुवायचा नाही. टाकीतल्याच पाण्यात खळबळायचा. ऐकीव सांगत नाही हं मी, स्वतःचा अनुभव आहे. माझे सगळे गोल्डफिश गेले ना त्यात!"