चादरीवरची शिकार

"मग, काय ठरवलंत?" डॉक्टरांनी बाबांची नाडी सोडली आणि त्यांचा हात चादरीवर ठेवला.

दादा खिडकीकडे बघत होता. "नको आता, डॉक्टर. किती हाल करायचे त्यांचे? सुटू द्या."

डॉक्टरांनी त्याच्या बहिणीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. बाबांना पुन्हा ताप भरला होता, छातीत कफ दाटला होता. या खेपेला इंजेक्शनं द्यायची की नाही, एवढंच ठरवायचं होतं. ते ठरलं.

मेंदूला झटका बसल्यापासून बाबा ओंडक्यासारखे पडून होते. डोळे अर्धवट उघडे, नाकात नळी. जन्मभर बस चालवलेला माणूस. घरात कुजबुजायला गेले तरी शेजारी ओ द्यायचे, असा आवाज. आता कितीही हाका मारा, पापणी हलत नव्हती. त्यांना काही कळत नाही, असं मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी सांगून टाकलं होतं.

बाबांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती चादरीकडे बघत राहिली. तिथे एक कोळी बसला होता. खिडकीतल्या कुंडीवरून उतरला असावा. कोळ्यांच्या, किड्यांच्या फिल्म काढणं हा तिचा धंदाच होता. बाबा तिला कोळीबाई म्हणायचे.

कोळी जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. मखमली काळा, पाठीवर पांढरे ठिपके, कपाळावर उभ्या केसांचा झुपका. जबडे हिरवे, कुणी रंगाची चमकी फासावी तसे. समोर दोन मोठे डोळे गाडीच्या दिव्यांसारखे, बाजूला बाकीचे बारके. हा कोळी जाळं विणून वाट बघत बसणारा नव्हे. तो नजरेनं शिकार करतो. समोर मेलेली माशी ठेवली तर तो उपाशी बसेल, पण तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. त्याला हालचाल लागते.

एकाएकी त्याने गर्रकन तोंड वळवलं. तिने ते ओळखलं. त्याला काहीतरी हलताना दिसलं होतं.

तो दबकत निघाला, मांजरासारखा. दोन पावलं पुढे, मग गोठल्यासारखा स्तब्ध. पुन्हा दोन पावलं. चादरीच्या एका चुणीमागे तो लपला आणि पलीकडून हळूच वर आला. माशी कुठे आहे ते तिने शोधलं. माशी नव्हती. कोळ्याने मागचा भाग चादरीला टेकवून दोरा चिकटवला, म्हणजे नेम चुकला तरी लोंबकळता येतं. पुढचे पाय उचलले. आणि झेप घेतली.

तो पडला तो बाबांच्या तर्जनीवर. तिथून दचकून मागे उडाला आणि चादरीखाली पळाला.

डॉक्टर बॅगेची चेन लावत होते.

"थांबा," ती म्हणाली. "त्याने बाबांच्या बोटावर झेप घेतली."

"कुणी?" दादाने विचारलं.

"कोळ्याने."

"आत्ता तरी तुझे किडे बाजूला ठेव गं."

"दादा, हा निर्जीव वस्तूवर झडप घालत नाही. इतक्या लांबून दबा धरून आला तो. बोट हललं असणार. हललंच असणार."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "अशा आजारात स्नायू आपोआप फडफडतात, बाई. त्याचा अर्थ लावू नका." तरी ते पलंगाशी परत आले. हात नेहमी पांघरुणात असायचा, तो आज पहिल्यांदाच उजेडात होता. ते बाबांच्या कानाशी वाकले. "ऐकू येत असेल तर बोट हलवा."

बोट हललं. मुंगीने पाऊल उचलावं इतकंच, पण हललं.

"आता हलवू नका."

बोट निपचित राहिलं.

"आता हलवा."

हललं.

डॉक्टर सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. दादाने पलंगाचा दांडा धरला आणि तसाच खाली बसला.

"हे आतून जागे आहेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. मग पुन्हा वाकले. "हो असेल तर एकदा हलवा. नाही असेल तर दोनदा. समजलं?"

एकदा.

तिला विचारायचं नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं. "बाबा, आत्ता आम्ही बोललो ते ऐकलंत?"

एकदा.

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. डॉक्टरांनी जो प्रश्न आधीच विचारायला हवा होता तो विचारला. "इंजेक्शनं सुरू करू का?"

बोट हललं. ती श्वास सोडणार तोच ते पुन्हा हललं.

"दोनदा," दादा पुटपुटला. "नाही म्हणतायत."

तिसऱ्यांदा हललं. मग चौथ्यांदा, पाचव्यांदा. मग मोजायला जागाच उरली नाही. तापाने फणफणलेले बाबा उरलंसुरलं सगळं बळ त्या एका बोटात आणून, पोटच्या पोरांपुढे, हो हो हो म्हणत होते.