मनातली ताई

नऊ वर्षांपूर्वी मुलुंडहून नलिनीताईचं पत्र आलं होतं. ‘हे गेले तेव्हा तू आला नाहीस, ते मी सोडून दिलं. भाऊबीजेला ये.’ मी उत्तर दिलं नाही. सुचलेलं प्रत्येक उत्तर आधी मनातल्या ताईला वाचून दाखवायचो आणि दर वेळी ती दार लावून घ्यायची.

परवा माझी नात श्रुतिका तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट मला समजावत होती. “आजोबा, हा रोबो आधी डोक्यात जगाचं एक मॉडेल बनवतो. त्यातच हजार वेळा चालून बघतो, मग एक पाऊल खरं टाकतो. जग वेगळं निघालं, तर मॉडेल दुरुस्त करतो.”

“आणि खरं पाऊल टाकलंच नाही तर?”

“मग वाट लागली ना! मॉडेलमधली चूकच पाठ करत बसणार तो.”

मी कपाटातून ताईचं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्यात ‘ये’ असंच लिहिलं होतं. दार लावणारी ताई मी बनवलेली होती.

पोस्टकार्डावर ‘येतो’ एवढंच लिहिलं आणि जोगेश्वरी स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं. ती काय म्हणेल, हे नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला माहीत नव्हतं.