वरच्या खोलीतून

खालच्या खोलीत पान झटकन उघडत होतं. वर, पप्पांच्या कॉम्प्युटरवर, उघडायचं नाव घेत नव्हतं.

कॉन्रॅड पुन्हा जिना चढून आला. "पप्पा, आता बघा, होईल."

ॲन्सेल्म सर पलंगावर बसून नुसते बघत राहिले. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला होता. ज्याच्या आवाजाला नंदाखालच्या शाळेतली पोरं टरकायची, तो माणूस आता पाटीवर खडूनं लिहून पाणी मागायचा आणि खाली कुणाला बोलवायचं झालं तर काठी आपटायचा. ते बघवेना म्हणून कॉन्रॅडनं हे पान बनवलं होतं. एकानं इकडून लिहावं, दुसऱ्याला तिकडे दिसावं. सर्व्हर त्याच्याच कॉम्प्युटरवर. केबलवाल्यानं एकाच जाळ्यात गावभर इंटरनेट दिलं होतं, घराघरातले कॉम्प्युटर एकमेकांना दिसायचे, आणि त्याचा डबा यांच्याच ओटीवर बसवला होता. त्यातूनच एक वायर त्यानं वर नेली होती.

चूक सापडली तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं. सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनला दार उघडत होता. त्यानं ती अट काढली, बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल बंद केली, वर जाऊन पत्त्यात आपल्या मशीनचा आकडा टाकला. पान उघडलं.

नाव विचारायची भानगड त्यानं ठेवलीच नव्हती. त्याच्या मशीनवरून आलेल्या ओळीपुढे 'कॉन्रॅड' उमटे, बाहेरून आलेल्या ओळीपुढे 'पप्पा'. होते तर दोघंच.

पप्पांनी एका बोटानं टाइप केलं, 'ठीक.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आल्यावर कॉन्रॅडनं लिहिलं, 'पप्पा, जेवलात?'

थोड्या वेळानं ओळ आली. 'जेवलो. तू? दमलेला असशील.'

कॉन्रॅड बघतच राहिला. पप्पांनी असं कधी विचारलं नव्हतं.

मग रोजचंच झालं. केळीच्या बागेचं, ऑफिसातल्या कटकटींचं, आईच्या गुडघ्यांचं. आवाज होता तोवर जे बोलणं झालं नाही ते आता होत होतं. वर कॉम्प्युटरवर कव्हर दिसे, वापरून झालं की आई घालत असेल असं त्याला वाटे. तिथे मात्र दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. कुमसारात, पापाची कबुली देताना, पाद्रीबाबांना सांगितलेलं अंगणात कोण बोलतं? हेही तसंच, असं कॉन्रॅडला वाटे.

म्हणूनच एका संध्याकाळी त्यानं धीर केला. 'पप्पा, ऑफिसात एक मुलगी आहे. सुमेधा. विरारला राहते. आपल्यातली नाही.'

पुढे काही येईना. कॉन्रॅडच्या मोठ्या भावानं, फ्लॉईडनं, समाजाबाहेरच्या पिंकीशी कोर्टात लग्न केलं तेव्हा पप्पांनी दोघांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. फ्लॉईड आता देवळापलीकडच्या बिल्डिंगीत राहायचा, इंटरनेटही याच केबलवाल्याचं वापरायचा, पण या घरात त्याचं नावही निघत नसे.

शेवटी ओळ आली. 'चांगली आहे का?'

'खूप.'

'मग घाबरतोस कशाला? रविवारी देवळातली मिसा झाली की घेऊन ये.'

कॉन्रॅडनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आजारपणानं माणूस एवढा बदलतो? त्याचे डोळे भरून आले.

रविवारी सुमेधा आली. अबोली रंगाची साडी, हातात मिठाईचा पुडा. कॉन्रॅडच्या आईनं, बर्थानं, गोंधळून तिला खुर्ची दिली. पप्पा काठी टेकत खाली आले, थबकले. त्यांनी पाटी पुढे घेतली.

'ही कोण?'

कॉन्रॅड हसला. "पप्पा, ही सुमेधा. तुम्हीच म्हणालात ना, घेऊन ये?"

पप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. खडू करकरला. 'मी? कधी?'

"मशीनवर पप्पा! आठवडाभर आपण..."

"कसलं मशीन?" बर्था मध्येच म्हणाली. "तू दाखवून गेलास त्या दिवशीच यांनी बटण बंद केलं. डोळे दुखतात म्हणाले, पाटीच बरी. तुला वाईट वाटेल म्हणून मीच बोलले नाही. त्यावर कव्हर घालून ठेवलंय मी."

कॉन्रॅड धडाधड जिना चढला. कॉम्प्युटरवर बर्थानं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. त्यावर धूळ बसली होती.

तो खाली आला. सुमेधा उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. कुणाकडेही न बघता तो आपल्या खोलीत शिरला. काठीचा आवाज त्याच्यामागून आला आणि खुर्चीशी येऊन थांबला.

स्क्रीनवर पान उघडंच होतं. दोघांच्या डोळ्यांदेखत 'पप्पा' या नावापुढे नवी ओळ उमटली.

'आली का रे सुमेधा? पप्पांनी तिला तरी घरात घेतलं ना?'